डावखुरे शिकारी आणि हत्तींवर झडप घालणारे ड्रॅगन

प्रश्न : जुन्या युरोपीय शिकारचित्राच्या छापात सगळेच शिकारी डाव्या हातात भाला धरलेले दिसले. असे का?

उत्तर : तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले कागदावर उलटे उमटते; रबरी शिक्का आठवा. मुरलेला चित्रकार हे ओळखून मूळ रेखाटनातच माणसे डावखुरी काढी. दुसऱ्याच्या छापावरून नक्कल मारणारा एवढे कष्ट घेतोच असे नाही, मग अख्खी टोळी डावखुरी! तलवार उजव्या कमरेला दिसली की मी आधी नकलेचाच संशय घेतो.

प्रश्न : चित्राखालच्या ‘इन्व्ह.’, ‘स्कल्प.’, ‘एक्स्कुड.’ यांचा अर्थ काय?

उत्तर : लॅटिन संक्षेप आहेत. अनुक्रमे चित्र रचणारा, पत्रा कोरणारा आणि छापून विकणारा.

प्रश्न : चित्रकारांनी या शिकारी स्वतः पाहिलेल्या असत का?

उत्तर : काही पाहिलेल्या, काही वाचलेल्या. यान व्हान डेर स्ट्राट ऊर्फ स्ट्राडानुस (१५२३–१६०५) हा चित्रकार मूळचा आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजचा, पण इटलीत फ्लोरेन्समध्ये मेदिची या राज्यकर्त्या घराण्याच्या पदरी होता. पोज्जो आ कायानो इथल्या त्यांच्या वाड्यासाठी त्याने १५६७ पासून शिकारीच्या टॅपेस्ट्रींचे, म्हणजे भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रपडद्यांचे, आराखडे केले. त्या विषयाची चित्रे पुढे बेल्जियममधल्याच अँटवर्पला तांब्यावर कोरली गेली. तिथला प्रकाशक फिलिप्स गाले याने छापून विकलेली मालिका वाढत वाढत १०४ चित्रांवर गेली. रानडुक्कर, हरीण, ससाणा ही दरबारातली नित्याची करमणूक, म्हणून तिथली जाळी, भाले, कुत्रे नीट न्याहाळावेत. आणि त्याच मालिकेत हत्तींवर तुटून पडणारे ड्रॅगनही आहेत! ही झुंज रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथातली. गंमत अशी, की कोरणाऱ्याचा हात ड्रॅगनपाशी जराही कचरत नाही. डुकराच्या केसांइतक्याच ठामपणे तो त्याचे खवले कोरतो. अँटवर्पच्या गिऱ्हाइकाने खरे-खोटे कशावरून ठरवावे?

प्रश्न : घरात असे एक चित्र आहे. अस्सल आहे का, कसे ओळखू?

उत्तर : भिंगातून पाहा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई, विषय संपला. सलग रेघा दिसल्या तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली खूण शोधा. ती असली तरी हुरळू नका, एकोणिसाव्या शतकातल्या प्रतिकृतींवरही ती सापडते. मग कागद उजेडासमोर धरा : जुन्या हातकागदात कागद बनवायच्या साच्यातल्या तारांच्या समांतर रेषा आणि कधी जलचिन्ह (कागदातच उमटलेली खूण) दिसते. कडा छाटू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.