गाईच्या कानातला बिल्ला पडला, म्हशीचा नंबर वाचता येत नाही. नवा बिल्ला घेताना काय काळजी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की गाईचा बिल्ला पडून गेला, तो सापडत नाही आणि तिचा विमा उतरवलेला आहे. म्हशीचा कानात आहे पण आकडे घासले गेलेत, आणि तिला पुढच्या महिन्यात बाजारात न्यायचंय. मी पशुधन पर्यवेक्षक आहे, अशी जनावरं नेहमी समोर येतात. म्हणून आधी मुद्द्याचं सांगतो: दवाखान्यात गेल्यावर ‘नवीन बिल्ला मारून द्या’ असं म्हणू नका. ‘जुन्या नंबरावर टॅग बदलून द्या’ असं म्हणा.

आपल्याकडचे पिवळे बिल्ले 12 आकडी नंबर आणि बारकोड छापूनच येतात. हरवलेल्या नंबरचा दुसरा बिल्ला बनवून मिळत नाही. ब्रिटनमध्ये उलट पद्धत आहे. तिथे गाईच्या दोन्ही कानांत टॅग असतात, एखादा पडला की तोच नंबर छापून मागवायचा आणि लक्षात आल्यापासून 28 दिवसांत बसवायचा. आपल्याकडे नंबरच बदलतो. त्यामुळे भारत पशुधन प्रणालीत, म्हणजे जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, ‘टॅग बदल’ ही नोंद करावी लागते. जुना नंबर, नवा नंबर आणि कारण भरलं की गाईची लाळ्या-खुरकूतची लस, रेतनाच्या तारखा, वेतं, सगळा इतिहास नव्या नंबराखाली येतो.

ही नोंद न करता घाईत सरळ नवी नोंदणी केली, तर कागदावर तुमच्याकडे दोन गाई होतात. एक जुन्या नंबरची, जी गोठ्यात कुणाला दिसणार नाही, आणि दुसरी नवी, जिला आजवर एकही लस मिळालेली नाही. पुढे विम्याची पॉलिसी एका नंबरची आणि कानातला बिल्ला दुसऱ्या नंबरचा निघाला की भांडत बसावं लागतं.

आता जुना नंबर शोधायचा कसा? नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाईल नंबर सांगा, त्यावर तुमच्या नावची सगळी जनावरं दिसतात. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण नंबर मुलाचा दिलेला असतो आणि मुलाने तो कधीच बंद केलेला असतो. तसं असेल तर विम्याची पॉलिसी, रेतनाची पावती किंवा लसीकरणाचं कार्ड काढा. 2024 च्या सुरुवातीला दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान मिळालं, तेव्हा दूध संस्थांनी जनावरांचे टॅग नंबर लिहून घेतले होते. सचिवांना विचारा, ती यादी बऱ्याच संस्थांत अजून आहे. एका गोठ्यातल्या दोन सारख्याच जनावरांचे बिल्ले एकदम गेले असतील, तर वय, वेत आणि शेवटच्या रेतनाची तारीख जुळवून कोणतं कोणतं ते ठरवावं लागतं. म्हणून दुसरा पडायची वाट बघू नका.

म्हशीचं थोडं वेगळं आहे. आधी ओल्या फडक्याने बिल्ला दोन्ही बाजूंनी पुसा. कित्येकदा आकडे गेलेले नसतात, शेणामातीचा थर बसलेला असतो. उन्हात तिरका धरून मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघा. शेवटचे चार-पाच आकडे जरी लागले तरी नोंदीतून पूर्ण नंबर जुळवता येतो. काहीच लागलं नाही तरी घरी बिल्ला कापू नका. तो कानात असतानाच म्हैस दाखवा, फोटो काढू द्या, मग कापायचा. मार्करने आकडे गिरवणं तर नकोच. तीनचा आठ झाला की म्हैस दुसऱ्याच्या नावावर निघते. आणि कुणी मेलेल्या जनावराचा बिल्ला तार ओवून लावायला सुचवलं तर त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

विम्याच्या गाईला मात्र एक पायरी जास्त आहे. ‘टॅग नाही तर दावा नाही’ ही अट पॉलिसीत असतेच. बिल्ला पडल्याचं कळलं की त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. नवा बिल्ला पशुवैद्यकांच्या समोर बसवा, तसा दाखला घ्या, गाईचा संपूर्ण आणि कानाचा जवळून असे फोटो ठेवा. मग कंपनीकडून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या. हे चढवून घेणंच लोक विसरतात. गाय दगावल्यावर हातात दाखला असतो, पण पॉलिसीवर जुनाच नंबर असतो.

विमा नसला तरी बिल्ला लागतोच. राज्यात 1 जून 2024 पासून टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. विक्रीच्या दाखल्यावर ग्रामपंचायतीला टॅग नंबर घालावा लागतो. वीज पडून, शॉक लागून किंवा बिबट्याने मारून जनावर गेलं, तर भरपाईलाही टॅग बघतात. नियम जाचक वाटतो हे मान्य, पण लम्पीच्या साथीत कोणत्या जनावराला लस झाली आणि कोणाला नाही हे शोधताना आमची जी दमछाक झाली, त्यानंतर मला तो पटतो.

म्हशीचा टॅग आधी तुमच्याच नावावर बदला, मगच घेणाऱ्याच्या नावावर मालकी चढवायला सांगा. उलट केलं तर जुना नंबर तुमच्याकडे आणि म्हैस त्यांच्याकडे असा घोळ होतो.

बसवताना बिल्ला कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मधल्या जागेत बसायला हवा. कडेला बसला की गव्हाणीत, दाव्यात किंवा कुंपणाच्या तारेत अडकून कान फाडून निघतो, तुमच्या गाईचं बहुधा तेच झालं असेल. कान फाटला असेल तर दुसऱ्या कानात मारा. भोकाला आयोडीन लावा आणि चार-आठ दिवस माशी बसू देऊ नका, पावसाळ्यात अळ्या पडतात. म्हशीचं काम बाजाराच्या आदल्या दिवशी काढू नका, भोक सुकायला आठवडा-दीड आठवडा हाताशी ठेवा.