अंगणातले किडे आणि कोळी मुलांना दाखवताना

आपला सहा वर्षांचा मुलगा दिसेल तो किडा डबीत भरून घरात आणतो, मात्र कोळी दिसला की ओरडत पळतो. त्याला हे जग नीट दाखवायचे तर सुरुवात कुठून करावी आणि साधने कोणती घ्यावीत, असे आपण विचारले आहे. आधी माझ्या मुलीबरोबर आणि आता तिच्या मित्रमैत्रिणींबरोबर मी बरीच वर्षे हेच करत आले आहे, त्या अनुभवावरून सांगते.

एक भिंग, एक टॉर्च आणि वही-पेन्सिल एवढे पुरते. डबी मात्र सुरुवातीला बाजूला ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. डबीतला किडा बाहेरची वाट शोधत चढत-घसरत राहतो. तो काय खातो, कुठे लपतो, दुसरा किडा भेटल्यावर कसा वागतो, यांतले काहीच तिथे कळत नाही. त्याऐवजी अंगणाचा हातभर तुकडा निवडून रोज ठरावीक वेळी १०-१५ मिनिटे तिथे बसावे. पहिल्या दिवशी ‘इथे काहीच नाही’ अशी तक्रार येते. तीन-चार दिवसांनी तीच मुले पाने उलटून पाहू लागतात.

सुरुवात मुंग्यांपासून करावी. चालू रांगेवरून आडवे बोट घासून दोन बोटे रुंद जागा पुसा आणि काहीही न सांगता मुलाला पाहू द्या. पहिली मुंगी तिथे थबकते, मिशा हलवत डावीउजवीकडे चाचपते, मागे फिरते. मागच्यांची गर्दी होते. मग एखादी पलीकडे पोहोचते आणि थोड्या वेळाने रांग पुन्हा जुळते. तिथे न दिसणारे काहीतरी होते आणि ते आपण पुसले, हे मुलाच्याच तोंडून येऊ द्यावे. मुंग्या वाटेवर गंध सोडत जातात, हे त्यानंतर सांगावे.

कोवळ्या शेंड्यावर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, असतील तर तिथे ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी शोधा. लांबट, काळपट, ठिपक्यांची ही अळी गोल, तुकतुकीत ढालकिड्यासारखी जराही दिसत नाही, त्यामुळे मोठी माणसेही तिला उपद्रवी समजून चिरडतात, आणि मावा फस्त करणारी तर तीच असते. मला दर वेळी याचे फार वाईट वाटते.

केसाळ सुरवंट, गांधीलमाशी, गोम आणि विंचू यांना हात लावायचा नाही, दगडाखाली बोटे घालायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजावावे. दगड मोठ्यांनीच पलीकडच्या कडेने उचलून आपल्याकडे कलवावा, म्हणजे खालचा प्राणी आपल्या अंगावर न येता पलीकडे निघून जातो. पाहून झाल्यावर तो होता तसाच अलगद ठेवावा. दंशानंतर धाप लागली किंवा चेहरा सुजू लागला तर तातडीने डॉक्टरांकडे जावे.

आता कोळी. बहुतेक सर्व कोळ्यांना विष असते, पण त्यांतल्या फारच थोड्यांपासून माणसाला धोका असतो. तरीही हाताळायचा कोणालाच नाही. ‘काही करत नाही तो’ असे सांगून भीती जात नाही. पुष्कळदा मुलाने ती आपल्याच दचकण्यातून उचललेली असते, म्हणून आधी आपण शांत उभे राहायला शिकावे. भिंतीवरचा छोटा, उड्या मारणारा कोळी पहिल्या ओळखीला उत्तम, कारण आपण सरकलो की तोही वळतो आणि समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहतो. वहीत त्याचे पाय मोजून काढायला सांगा: मुंगीला ६, याला ८.

त्यानंतर एखाद्या संध्याकाळी चाकासारखे जाळे विणले जाताना पाहावे. आधी मधून बाहेर जाणारे आरे, मग त्यांना आधार देणारा विरळ, कोरडा फेरा, आणि शेवटी बाहेरून आत येत चिकट धाग्याचे दाट फेरे. हे घालताना कोळी आधीचा कोरडा फेरा काढत जातो. मागच्या पायाने धागा ओढून प्रत्येक आऱ्यावर टेकवणारी ती हालचाल टॉर्चच्या तिरप्या उजेडात स्पष्ट दिसते. मुलगा चार पावले दूर उभा राहिला तर तिथूनच पाहू द्या. आमच्यातली एक मुलगी तीन संध्याकाळी माझ्या पाठीमागून बघत होती. चौथ्या दिवशी तिने टॉर्च स्वतःच्या हातात मागून घेतला.