आठ पिढ्या लिहू नकोस, तार ओढायला शीक

प्रिय बाळा,

मेसेज वाचला तुझा, दोनदा वाचला. आजोबा येमेनमधल्या सनाचे, चांदीकाम करणारे, बाबांनी कधी चिमटाही हातात धरला नाही, आणि आता तू शिकायला निघालीयस तर कार्डावर "आठ पिढ्यांची येमेनी परंपरा" असं छापू का म्हणून विचारलंयस. नको छापूस. आजोबा करायचे, मी शिकतेय, एवढंच लिही. त्यात कमीपणा काहीच नाही.

माझंच बघ ना. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, धंद्यानं तेली, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. चांदीशी आमचा संबंध शून्य. इस्राएलमध्ये लोदला आलो, लग्न झालं, सासरे सनाचे, त्यांच्या बाकाशेजारी स्टूल टाकून बसलो तो उठलोच नाही. ते स्वतः 1949 च्या विमानानं आले, 1949-50 मध्ये एडनहून जवळपास 49,000 येमेनी ज्यू आले त्यातले एक, आणि इथे आल्यावर दोन वर्षं संत्र्याच्या बागेत खड्डे खणत होते, कारण तंबूत राहणाऱ्यांच्या गावात चांदी घेणार कोण. म्हणजे परंपरा तुटलीच होती की त्यांचीही. आणि तिकडे येमेनमध्ये इमामानं निघालेल्या ज्यू कारागिरांना आपलं कसब मुसलमान कारागिरांना शिकवायला लावलं होतं, म्हणून तिथे ते काम चालू राहिलं. रक्तानं नाही, शिकवल्यानं राहिलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता कामाचं. डिझाइन, पेंडंट, फोटो हे सगळं बाजूला ठेव, आधी तीन महिने फक्त तार. 999 ची, म्हणजे जवळजवळ शुद्ध चांदी घे, मऊ असते. जंत्रीच्या, म्हणजे तार ओढायच्या पट्टीच्या, लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत ओढत बारीक करायची, मध्ये मध्ये तापवून नरम करायची, नाहीतर तुटते. मग दोन तारांना एकत्र पीळ द्यायचा आणि रोलरमधून चपटी करायची, की कडेला ती दाणेदार नक्षी आपोआप दिसायला लागते, अख्खं तारकाम त्याच्यावर उभं आहे. जाड तारेची चौकट, आत ही चपटी तार वळवून बसवायची. झाळ लावताना टाकणखारात मिसळलेली डागाची (जोड वितळवून सांधायच्या धातूची) भुकटी अगदी चिमूटभर टाक. बारीक तार चौकटीच्या आधी तापते, ज्योत एका जागी धरलीस की क्षणात गोळा होतो, माझे कितीतरी झालेत. गोळे झाले तरी रडू नकोस, रवे, म्हणजे नक्षीतले बारीक गोल दाणे, करायला तेच तुकडे लागतात, कोळशावर ठेवून तापवले की स्वतःच गोल होतात.

सासरे सांगायचे, सनात चांदी म्हणजे फ्रान्सी रियाल, मारिया तेरेझाचं नाणं, कधीही पाडलेलं असो वर 1780 च, 28 ग्रॅमचं, 833 ची चांदी. ते वितळवून नवरीचे हार, लहान मुलींच्या गारगूशवरचे (डोक्यावरच्या टोपड्यावरचे) लटकन, जंबियाच्या (वाकड्या खंजिराच्या) म्यानाची नक्षी सगळं व्हायचं. तिथे बौसानी, बदिही अशा घराण्यांची नावं कामावरून ओळखली जायची. आणि इकडे जेरुसलेमला 1906 साली बोरिस शात्झनं बेझलेल ही कलाशाळा काढली, तिथे येमेनी कारागिरांनी किती काम केलं, पण वस्तूवर नाव बहुतेक वेळा बेझलेलचं, करणाऱ्याचं कुठेच नाही. म्हणून तुझा शिक्का पहिल्या तुकड्यापासून मार, कितीही वाकडा असला तरी. आणि कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतलेला, तुकडा विकलास तर गिऱ्हाइकाला कास्टिंग आहे हे सांग, हाताचं म्हणून विकू नकोस, येमेनी नावाखाली तसं खूप विकलं जातंय आणि मला त्याचा राग येतो.

रविवारी सकाळी ये. आजीच्या पेटीतला तो तुटका हार आणशील तर घासून चमकवून आणू नकोस हां, रव्यांच्या खाचेत बसलेलं काळं तसंच राहू दे, झाळ कुठे आणि किती घातलीय ते त्यावरूनच दिसतं, आपल्याला भिंगाखाली तेच बघायचंय.

तुझा,
काका