‘आसेम’सारख्या युरोप-आशिया परिषदांचा धंद्याला खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. युरोप आणि आशियाचे नेते आसेममध्ये (एशिया-युरोप मीटिंग) भेटतात, निवेदनं काढतात, त्याचा प्रत्यक्ष व्यापाराला फायदा होतो का, ही एक. आणि याच विषयात एम.ए. करावं का, ही दुसरी. पहिल्या गोष्टीवरून मी आणि आमचे दाजी गेली पंधरा वर्षं भांडतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. दुसरीचं शेवटी बघू.

आम्ही बोल्ट बनवतो. दाजींची आणि माझी भागीदारी आहे. मशीनवरचं सगळं त्यांच्याकडे, कागदावरचं माझ्याकडे. निम्म्याहून जास्त माल जर्मनीला जातो. परिषदेचा विषय निघाला की दाजींचं वाक्य ठरलेलं असतं: “ते चहा पितात, फोटो काढतात. बोल्ट आपण विकतो.”

प्राथमिक माहिती देत बसत नाही. १९९६ची बँकॉकची पहिली बैठक, सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान गोह चोक तोंग यांची कल्पना, २६ भागीदारांवरून ५३ वर गेलेला आकडा हे तुम्हाला पाठ असणार. पण पुस्तकं जे एका ओळीत उरकतात ते नीट बघा. आसेममध्ये बंधनकारक काहीच नसतं. करार नाही, स्वतःचं सचिवालय नाही. कायमची म्हणावी अशी संस्था एकच, सिंगापूरचं आसेफ (एशिया-युरोप फाउंडेशन), आणि तिचा भर माणसं, शिक्षण, संस्कृती यांवर. व्यापाराचं तर विचारूच नका. व्यापार-उद्योग बघणाऱ्या मंत्र्यांची बैठक २००३ मध्ये दालियनला झाली, आणि त्यानंतरची थेट २०१७ मध्ये सोलला. चौदा वर्षं! एवढ्यात पोरगं जन्मून नववीत जातं.

दाजींच्या हातात सगळ्यात भक्कम पुरावा मात्र मीच दिला. ऑक्टोबर २००८ मध्ये आसेमची शिखर बैठक बीजिंगला झाली. जगभर बँका कोसळत होत्या, भारत पहिल्यांदाच त्या टेबलावर बसला होता, एकजुटीची भाषा चालली होती. मी तेव्हा उत्साहात वर्तमानपत्राची कात्रणं वगैरे कापून ठेवत असे. तीन महिने गेले आणि जानेवारी २००९ मध्ये युरोपने चिनी बोल्टवर ८५ टक्क्यांपर्यंत अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे माल फार स्वस्तात ओतला म्हणून जादा आयात कर, लावली. कुठल्या तरी बड्या हायटेक मालावर नाही. बोल्टवर! दाजींनी ते कात्रण माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं. ते अजून तिथेच आहे, पिवळं पडलंय.

आमचं भलं झालं, हे खोटं कशाला बोलू. युरोपातून चौकशा यायला लागल्या, आणि दाजींनी बोल्टचं डोकं ठोकणारं दुसरं हेडिंग मशीन घेतलं. चिनी माल मलेशियामार्गे वळतोय असं दिसल्यावर युरोपने २०११ मध्ये ती ड्युटी मलेशियालाही लावली, तेव्हा आम्ही आणखी खूश. चीन मात्र जागतिक व्यापार संघटनेत गेला होता. तिथे युरोप एकदा २०११ मध्ये हरला, मग दुरुस्ती केली म्हणाला, ती दुरुस्तीही जानेवारी २०१६ मध्ये नापास झाली. फेब्रुवारीत ड्युटी उठली. आमच्या दुसऱ्या मशीनवर पुढे वर्षभर ताडपत्री होती. (२०२२ मध्ये नवी चौकशी होऊन ड्युटी परत आली, ८६.५ टक्क्यांपर्यंत. मशीनही परत सुरू झालं.)

“बघ,” दाजी म्हणाले, “लावली कारकुनाने, काढली वकिलाने. तुझे पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष कुठे आले यात?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मिळालं २०२३ च्या शेवटी, आणि फार महाग मिळालं.

आमच्या जर्मन गिऱ्हाइकाचा मेल आला. सोबत युरोपियन कमिशनची एक्सेल फाइल. सीबॅम, म्हणजे सीमेवरचा कार्बन कर, त्याचा अहवाल देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला होता. कर भरायचा नव्हता, फक्त आकडे द्यायचे होते: एक टन बोल्टमागे किती टन कार्बन डायऑक्साइड. पहिले तीन तिमाही अहवाल ठरावीक मूल्यांवर चालतील, त्यानंतर खरे आकडे हवेत, असं त्याने सौजन्याने लिहिलं होतं. ज्या पुरवठादारांकडे आकडे नसतील त्यांच्याबाबत ‘पुनर्विचार करावा लागेल’, हेही तितक्याच सौजन्याने.

ती फाइल ज्याने भरली नाही त्याला काय सांगावं! ए ते ई अशी शीटं, त्यानंतर गोषवाऱ्याची. पहिली चार मी आठवड्याभरात उरकली. पाचवीवर, ई वर, गाडी अडली. तिथे विचारतात, तुम्ही विकत घेतलेल्या कच्च्या मालात किती कार्बन आधीच घुसलेला आहे? बोल्टच्या बाबतीत सगळी गोम इथेच आहे. आम्ही वायर ओढतो, थंडच ठोकतो, आटे पाडतो, भट्टीत घालतो. आमचा स्वतःचा धूर तो केवढा. खरा धूर वायर रॉड, म्हणजे आमचा कच्चा माल, बनताना निघतो. ब्लास्ट फर्नेसचं पोलाद असेल तर टनामागे दोन टनांच्या पुढे कार्बन, भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेलं असेल तर त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे रॉड कुठल्या भट्टीचा हे कळल्याशिवाय माझा आकडा निघणारच नाही.

रॉड आम्ही व्यापाऱ्याकडून घेतो. प्रत्येक कॉइलला टॅग असतो, त्यावर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक, असतो, सोबत टेस्ट सर्टिफिकेट. कार्बन त्यात असतो, पण तो पोलादातला, टक्क्यांत. मी व्यापाऱ्याला फोन केला तर त्याने तोच आकडा वाचून दाखवला. “शून्य पॉइंट दोन आहे, लिहून घ्या.” मी म्हटलं, तो नव्हे, हवेत गेलेला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “साहेब, हवेत गेलेल्याचं सर्टिफिकेट कोण देतं?”

दुसरी अडचण घरचीच. आमच्या भट्टीवर बाहेरच्यांचा मालही जॉबवर्कने होतो. गॅसचं बिल एक, माल चार जणांचा. आपल्या बोल्टचा वाटा किती? इथे आम्हाला वाचवलं आमच्या भट्टीवाल्याच्या वहीने. त्याला ऑफिसच्या हजेरीवर काडीचा विश्वास नाही. ओव्हरटाइमवरून वाद नको म्हणून तो गेली कित्येक वर्षं प्रत्येक चार्जची वेळ, वजन आणि पार्टीचं नाव लिहून ठेवतो. तापलेला माल विझवायच्या तेलाने पानं एकमेकांना चिकटलेली. दाजी आणि मी दोन रात्री बसून ती पानं सुरीने सोडवत होतो आणि वजनं मांडत होतो. युरोपियन युनियनचं हवामान धोरण त्या दोन रात्री एका चिडक्या माणसाच्या दोनशे पानी वहीवर उभं होतं.

दुसऱ्या रात्री दाजी मला म्हणाले, “हे एवढं येणार होतं तर आधी कुणी सांगायचं नाही?”

मी सांगितलं होतं! इथून आमचं खरं भांडण सुरू होतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही.

सीबॅमचा मसुदा १४ जुलै २०२१ ला आला. मी तो वाचला होता. त्यात बोल्ट नव्हते. पोलाद होतं, पाइप होते, टाक्या होत्या, बांधकामाचे सांगाडे होते. ७३१८ हा आमचा, बोल्टचा, आयात-निर्यातीतला कोड नव्हता. पण जरा डोकं चालवा. युरोपात पोलाद कार्बनच्या किमतीने महाग होणार, आणि बाहेरून तयार बोल्ट विनाकर येणार. मग तिथल्या बोल्टवाल्याने जगायचं कसं? तो गप्प बसेल का? मी दाजींना म्हटलं, आज नाही तर उद्या आपण यादीत. त्यावर कमिशनने मतं मागवली होती, जगातला कुणीही पाठवू शकत होता, फुकट, घरबसल्या. मी दोन पानी टिपण लिहून आमच्या संघटनेकडे नेलं. तिथल्या पदाधिकाऱ्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, आपलं नाव नाहीये, मग आपणच हात वर करून लक्ष कशाला वेधायचं? दाजी त्यांच्याशी सहमत. “यादीत नाही ना? विषय संपला.”

त्याच नोव्हेंबरात नोम पेन्हची आसेम शिखर बैठक झाली, ऑनलाइन. नेत्यांच्या निवेदनात काय शब्द आले यावर लेख आले, ते मीही वाचले. आणि बोल्ट यादीत शिरले ते डिसेंबर २०२२ मध्ये, युरोपियन संसद आणि सदस्य देशांचं मंत्रिमंडळ यांच्या वाटाघाटीत. मसुदा आला त्याला सतरा महिने झाले होते. फोटो नाही, लाल गालिचा नाही. परिशिष्टात एक ओळ वाढली, एवढंच.

म्हणून माझं मत असं, आणि ते मी कुणालाही ऐकवतो: युरोप आणि आशियामधला खरा संवाद शिखर बैठकीत होत नाही. तो मसुदा निघाल्यापासून कायदा छापून येईपर्यंतच्या महिन्यांत होतो. युरोपवाले ते महिने पुरेपूर वापरतात. आपण शिखर बैठकीची बातमी वाचतो आणि ते महिने झोपून काढतो, आणि मग कायदा आला की ‘संरक्षणवाद’ म्हणून ओरडतो. सीबॅममध्ये संरक्षणवाद आहेच, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण झोपेचं खापर त्याच्यावर कशाला?

दाजींचं म्हणणं अर्धं खरं आहे, हेही सांगतो. ज्या आशियाई देशांनी युरोपशी धंद्याचं काही पक्कं करून घेतलं, त्यांनी ते आसेमच्या गोल टेबलावर केलं नाही. दोघांत दार लावून केलं. दक्षिण कोरियाचा करार २०११ मध्ये लागू झाला, जपान आणि सिंगापूर २०१९, व्हिएतनाम २०२०. भारताची बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला ठप्प, २०२२ ला पुन्हा सुरू. व्हिएतनाम आपल्या मागून येऊन पुढे गेला. मी दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, “मग तू माझ्याच बाजूने बोलतोयस.”

नाही बोलत. कारण संवादाचा दुसराही एक प्रकार आहे, कंटाळवाणा, अधिकाऱ्यांचा. कोरियाने २०१५ मध्ये कार्बन बाजार, म्हणजे कारखान्यांच्या धुराच्या परवान्यांची खरेदी-विक्री, सुरू केला, चीनने २०२१ मध्ये देशभर. दोघांच्याही अधिकाऱ्यांना युरोपने वर्षानुवर्षं प्रशिक्षण आणि सल्ला दिला. ते प्रकल्प कुणाच्या लक्षातही नसतात. पण सीबॅमच्या नियमात माल जिथे बनला तिथे भरलेली कार्बनची किंमत वजा होते. म्हणजे त्या कंटाळवाण्या कार्यशाळांचा उद्या टनामागे हिशेब निघू शकतो. भारताने कार्बन क्रेडिट बाजाराची योजना २०२३ मध्ये अधिसूचित केली. वेळेचा फरक बघा.

आणि आसेम अगदीच वांझ असंही नाही. १९९८ च्या लंडन बैठकीनंतर आशियाई आर्थिक संकटात सापडलेल्या देशांसाठी जागतिक बँकेत एक निधी उभा राहिला होता. पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण आहे.

प्रामाणिकपणे आणखी एक कबुली. माझं ते दोन पानी टिपण गेलं असतं तरी यादी बदलली नसती. ब्रुसेल्समध्ये आमचं कोण ऐकणार! पण सतरा महिने आधी मी वायरच्या व्यापाऱ्याला विचारायला लागलो असतो, हीट नंबरवरून कारखाना गाठला असता, भट्टीला वेगळा गॅस मीटर बसवला असता. मीटर आता बसवलाय. १ जानेवारी २०२६ पासून खरा कर सुरू झाला. तो भरायचा आयातदाराने, पण तो भाव पाडून मागतोच. वर्षाला ५० टनांच्या आत आयात करणाऱ्यांना सूट आहे, आमचं गिऱ्हाईक त्यात बसत नाही. तुम्ही अगदी छोट्या आयातदाराला माल देत असाल तर वरचं सगळं पुराण तुम्हाला लागू नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

एम.ए.चं म्हणाल तर, करा. पण शिखर बैठकांची निवेदनं पाठ करायला जाऊ नका, त्यातून फक्त निवेदनं लिहिणारे तयार होतात. आधी कुठलाही एक युरोपियन कायदा मुळापासून परिशिष्टापर्यंत वाचून बघा. मसुद्यातलं परिशिष्ट आणि छापून आलेलं परिशिष्ट शेजारी ठेवा, काय वाढलं, कुणामुळे वाढलं ते शोधा. त्यात तुमचे दोन दिवस मजेत गेले तर हा विषय तुमचा. झोप आली तर आयएएसची तयारी करा. (आणि प्राध्यापकांनी सीबॅम एका तासात संपवला तर त्यांना ई शीटबद्दल विचारा, माझ्यातर्फे.)

दाजी अजून मान्य करत नाहीत. पण मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, वर खाली एक अक्षर नाही, नुसती लिंक. उघडली तर पोलादाच्या मालावर कमिशनने मतं मागवली होती. मी उठून बसलो, लॅपटॉप काढला.

मुदत आदल्या दिवशी संपली होती.