टॉवेल रेल कोणत्या पाण्यावर चालवायची?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला जुन्या टेरेस घरात, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या ओळीत, राहतो. कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही त्यावरच, टाकी नाही. बाथरूममध्ये एकच रेडिएटर आहे, तो काढून तिथे क्रोमची शिडीसारखी टॉवेल रेल बसवायची आहे. एक प्लंबर म्हणतो, रेडिएटरच्याच दोन पाइपांना जोडू. दुसरा म्हणतो, नळाच्या गरम पाण्याच्या पाइपावर घेऊ, म्हणजे हीटिंग बंद असतानाही टॉवेल वाळतील. सासूबाई दरवर्षी जून ते सप्टेंबर इथे असतात आणि ओला टॉवेल त्यांना अजिबात खपत नाही. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर: ताई, पहिल्याचं ऐका. दुसऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

कॉम्बीमध्ये नळ सोडला तरच नळाचं पाणी तापतं. नळ बंद केला की पाइपातलं पाणी जागच्या जागी निवतं. मग रेल गरम राहणार किती वेळ? सासूबाईंची आंघोळ उरकेपर्यंत. त्याहून मोठा घोटाळा गंजाचा. हीटिंगमध्ये तेच ते पाणी फिरत असतं. त्यातला प्राणवायू सुरुवातीलाच संपतो, शिवाय त्यात गंजरोधक, म्हणजे इन्हिबिटर, घातलेलं असतं. म्हणून साध्या पोलादाची रेल त्यात वर्षानुवर्षं टिकते. नळाचं पाणी मात्र सतत ताजं, सोबत ताजा प्राणवायू. रेल आतून गंजणार आणि तो लाल गंज बादलीत उतरणार. साचलेलं कोमट पाणी लीजनेलासारख्या जंतूंच्याही सोयीचं असतं.

हे खूळ आलं कुठून, तेही सांगतो. जुन्या घरांत गरम पाण्याची तांब्याची टाकी असते. बॉयलरचं पाणी टाकीतल्या वेटोळ्यातून फिरतं आणि टाकी तापवतं. त्या फेरीवर पूर्वी रेल जोडत. उन्हाळ्यात रेडिएटर बंद असले तरी टाकी तापताना रेलही तापायची. झकास सोय होती. पण तुमच्याकडे टाकीच नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. रेडिएटर काढल्यावर जानेवारीत बाथरूम गरम राहील का? कॅटलॉगमध्ये वॅटचा आकडा असतो, त्याशेजारी ‘डेल्टा टी 50’ लिहिलेलं बघा. याचा अर्थ रेलमधलं पाणी सरासरी 70 अंश आणि खोली 20 अंश धरून तो आकडा काढलाय. गॅस वाचवायला बॉयलरचं तापमान उतरवलंत आणि रेलमधलं पाणी 50 वर आलं, तर उष्णता जवळजवळ निम्मीच मिळते. त्यात क्रोमची रेल तेवढ्याच मापाच्या पांढऱ्या रेलपेक्षा कमी तापवते. आणि वर दोन जाड टॉवेल टाकलेत की खोलीला उरतं काय? माझं मत विचाराल तर पांढरी, एक माप मोठी घ्या. क्रोमच हवं असेल आणि भिंत मोकळी असेल तर जुना रेडिएटर राहू द्या, रेल वेगळी बसवा.

जोडणी अवघड नाही. एका पाइपातून गरम पाणी येतं, दुसऱ्यातून परत जातं. मात्र रेलचे दोन पाय रेडिएटरपेक्षा जवळ असतात, त्यामुळे पाइप सरकवायला जमिनीच्या फळ्या उचकटाव्या लागतात. तिथे उभ्या राहा. घाईतला माणूस फळ्यांखालच्या जॉइस्टला, म्हणजे लाकडी तुळईला, हवी तशी खाच मारतो. खाच जॉइस्टच्या उंचीच्या आठव्या हिश्शाहून खोल नको, आणि मध्यावर तर नकोच. टोकापासून पाव लांबीच्या आत हवी.

तापमान बघून आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह रेलला शक्यतो नको. त्याचं डोकं टॉवेलाखाली झाकलं जातं आणि खोली गारठलेली असतानाच तो बंद होऊन बसतो. साधा हाताने फिरवायचा बरा.

उन्हाळ्यासाठी उपाय विजेचा. रेलच्या खालच्या टोकाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून त्यात 150 किंवा 300 वॅटचा एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी विजेची कांडी, बसवतात. 300 वॅटचा दोन तास चालवला तरी जास्तीत जास्त 0.6 युनिट. एक पथ्य मात्र पाळा: वीज लावताना एकच व्हॉल्व्ह बंद करा, दोन्ही कधीच नाही. तापलेलं पाणी फुगतं, त्याला हीटिंगच्या पाइपात सरकायला वाट हवी. वायरिंग नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच. बाथरूममधल्या विजेचे नियम कडक आहेत. स्विच बाहेर पॅसेजमध्ये असू द्या. (आणि सासूबाईंना येताना दोन पंचे आणायला सांगा. पंचा खिडकीतच वाळतो.)

काम संपल्यावर प्लंबरला सोडण्याआधी दोन गोष्टी बघा. पाणी काढून नव्याने भरलं की इन्हिबिटरही नव्याने घालावं लागतं, ते घातलं का विचारा. बॉयलर गार असताना पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा 1 ते 1.5 बारमध्ये हवा. नुसत्या पाइपकामाला गॅस सेफ नोंदणी, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी, लागत नाही. पण बॉयलरच्या गॅसच्या भागाला हात लावायचा असेल तर त्या नोंदणीचं कार्ड बघितल्याशिवाय लावू देऊ नका.

प्रश्न: आमची टॉवेल रेल खाली चटका बसेल इतकी गरम आणि वरच्या चार दांड्या गार. बिघडली का?
– एक वाचक, हॅरो

उत्तर: बिघडली नाही, वर हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून गार होऊ द्या. खाली फडकं धरून वरचा छोटा स्क्रू किल्लीने अर्धा फेरा सोडा. फुसफुस थांबून पाणी आलं की आवळा आणि गेज उतरला असेल तर पाणी भरा. महिन्याभरात पुन्हा तेच झालं तर मात्र नुसती हवा काढत बसू नका. गेज सारखा उतरत असेल तर कुठेतरी गळतंय. उतरत नसेल तर आत गंज चढून हायड्रोजन तयार होत असावा. थोडं पाणी बशीत काढून बघा. काळं आलं तर सगळी लाइन धुऊन घ्या आणि नवं इन्हिबिटर भरा.