सोमल म्हणजे नक्की काय, कशाला वापरतात आणि किती घातक असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आजोबा वैद्य होते, त्यांच्या जुन्या पेटीत 'सोमल' अशी चिठ्ठी लावलेली पांढऱ्या पावडरीची बाटली सापडली, तर हे काय असतं, कशाला वापरायचे आणि हात लागला तर काही होतं का. मी कॅन्सर हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि हाच पदार्थ आमच्याकडे इंजेक्शन म्हणून येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाटलीचं बघू. उघडू नका, वास घेऊ नका, जिभेला लावून बघायचं तर नावच काढू नका (हसू नका, बघतात लोक). हातमोजे आणि मास्क घालून अख्खी बाटली जाड पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात 'विष' आणि डबा पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी. बेसिनमध्ये ओतायचं नाही, विहिरीजवळ पुरायचं नाही आणि जाळायचं तर अजिबातच नाही, कारण हा पदार्थ जळून संपत नाही, तापला की त्याची वाफ होते आणि ती तुमच्याच नाकात जाणार. महापालिकेच्या घनकचरा विभागाला किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसला फोन करून 'घरात आर्सेनिक आहे' असं सरळ सांगा (सोमल हे आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याचंच संयुग आहे). एका फोनमध्ये काम होईल असं वाटत नाही, पण पिच्छा सोडू नका. बाटलीला नुसता हात लागला असेल तर साबणाने स्वच्छ धुवा, त्याने काही होत नाही.

आता सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साईड. तांब्याची वगैरे खनिजं भट्टीत भाजताना त्यातलं आर्सेनिक धुरातून बाहेर पडतं आणि तो धूर गार झाला की पांढरी पूड खाली बसते, ती ही. दिसायला मैद्यासारखी, वास नाही, चव जवळजवळ नाहीच, गार पाण्यात विरघळते पण फार हळू. आर्सेनिकला लसणाचा वास येतो असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल, तो निखाऱ्यावर टाकल्यावर येतो किंवा विषबाधा झालेल्या माणसाच्या श्वासाला येतो, बाटलीतल्या पुडीला नाही. त्यामुळे वासावरून ओळखू या भरवशावर राहू नका.

१८५८ मध्ये इंग्लंडात ब्रॅडफर्डला काय झालं बघा. तिथे साखर महाग म्हणून पेपरमिंटच्या गोळ्यांत जिप्समची भेसळ करायची पद्धत होती, ते जिप्सम आणायला माणूस औषधाच्या दुकानात गेला आणि दुकानातल्या पोराने चुकून पिंपातून सोमल मोजून दिला, १२ पौंड! गोळ्या बाजारात विकल्या गेल्या, २० च्या आसपास माणसं गेली, दोनशेच्या वर आजारी पडली. आणि सुरुवातीला जी मुलं गेली ती कॉलऱ्याने गेली असं सगळ्यांना वाटलं. कारण अचानक जास्त सोमल पोटात गेला की लक्षणं तशीच असतात, प्रचंड उलट्या, भाताच्या पेजेसारखे जुलाब, पोटात पिळवटून कळा, मग बीपी पडतं. प्राणघातक डोस चिमटीत मावेल त्याहूनही कमी असतो. आत काय होतं तर हे आर्सेनिक आपल्या एन्झाईम्समधल्या गंधकाला जाऊन चिकटतं आणि पेशीला ऊर्जा बनवणंच जमेनासं होतं. यावर उतारा आहे, डायमरकॅप्रॉल किंवा डीएमएसए, ही औषधं आर्सेनिकला धरून लघवीवाटे बाहेर काढतात, पण ती लवकर मिळाली तर उपयोग, म्हणून शंका आली की घरगुती उपाय करत बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. आणि ज्यांना वाटतं हे विष सापडत नाही त्यांच्यासाठी, १८३६ पासून मार्शची टेस्ट आहे, हल्लीच्या मशीन तर केसात आणि नखातसुद्धा पकडतात.

थोडं थोडं वर्षानुवर्षं जात राहिलं तर प्रकार वेगळाच. हातापायाच्या तळव्यांवर घट्ट्यांसारखे खडबडीत दाणे, छाती-पाठीवर पावसाचे थेंब उडाल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, पायाला मुंग्या, आणि बऱ्याच वर्षांनी त्वचेचा, मूत्राशयाचा, फुफ्फुसाचा कॅन्सर. बंगालमध्ये ट्यूबवेलच्या पाण्याने हेच झालं, १९८३ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. गडचिरोलीच्या पलीकडे छत्तीसगडात अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा गावातही हेच, तिथे आर्सेनिक खडकातूनच पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि पाणी उकळून हे जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

वापर म्हणाल तर पूर्वी उंदीर मारायला (आता दुकानात मिळतं ते झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमाडायोलोन असतं), काचेतले बुडबुडे काढायला, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या कातड्याला आतून चोळायला. आणि औषध म्हणून. तुमचे आजोबा काही जगावेगळं करत नव्हते, दमा, जुनाट ताप, त्वचेचे रोग यावर वैद्य मंडळी सोमल शोधन करून (म्हणजे आयुर्वेदाच्या पद्धतीने शुद्ध करून) देत, आणि साहेबाचे डॉक्टरही १७८६ पासून 'फाउलर्स सोल्यूशन' नावाने हेच पाजत होते, दीडशेहून जास्त वर्षं, आणि पेशंटच्या तळव्यांवर तेच खडबडीत दाणे यायचे.

आमच्याकडे येतो तो एपीएल नावाच्या ब्लड कॅन्सरसाठी. चीनमध्ये हार्बिनला ७० च्या दशकात डॉक्टरांनी गावठी औषधातून हे शोधून काढलं, २००० साली अमेरिकेने मान्यता दिली. या कॅन्सरमध्ये एक चुकीचं जोडलं गेलेलं प्रोटीन पेशीला मोठंच होऊ देत नाही, आर्सेनिक नेमकं त्याला चिकटून त्याचा निकाल लावतं. सोबत व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं एक औषध देतात आणि कमी जोखमीच्या पेशंटमध्ये दहापैकी नऊहून जास्त बरे होतात, एकेकाळी हाच ब्लड कॅन्सर काही दिवसांत माणूस न्यायचा.

पण देतो कसं ते ऐका. व्हायल पाण्यासारखी स्वच्छ, १० मिलीत १० मिलिग्रॅम. डोस वजनाच्या किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ९ मिलिग्रॅम, तेही सलाईनमधून हळूहळू. पेशंटचं पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि ईसीजी बघितल्याशिवाय मी व्हायल हातात घेत नाही, कारण याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ईसीजीत क्यूटी (ठोक्यातला एक ठरावीक वेळ) लांबलेला दिसला की त्या दिवशी डोस थांबतो, नातेवाईक कितीही चिडले तरी. म्हणून 'कॅन्सरवर चालतो मग सोमलाचं भस्म घेतलं तर काय बिघडलं' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. भस्म घेणाऱ्याचा ईसीजी कोण काढतंय? आर्सेनिक असलेल्या आयुर्वेदिक औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या असं छापणं कायद्याने सक्तीचं आहे, ते वाचत चला. कोरोनात वाटलेल्या आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या औषधाचं विचाराल तर ते इतकं पातळ केलेलं असतं की त्यात सोमलाचा एक रेणूही उरत नाही, म्हणजे विषबाधेची भीती नाही, आणि फायद्याचं माझं मत तुम्ही ओळखलंच असेल.

घरात कोणी ती पूड खरंच हाताळली असेल आणि शंका वाटत असेल तर डॉक्टरांना सांगून लघवीतलं आर्सेनिक तपासून घ्या, पण त्याआधी चार दिवस मासे, कोळंबी, खेकडे काही खाऊ नका, समुद्रातल्या माशांत एक निरुपद्रवी प्रकारचं आर्सेनिक असतं आणि त्याने रिपोर्ट उगाच भलताच वाढलेला येतो.