लाल मणी आणि मोरपीस

प्रश्न : एका संग्रहालयात छिंग काळातल्या चिनी अधिकाऱ्यांच्या दोन टोप्या पाहिल्या. दोन्हींच्या शेंड्यावर लाल मणी, पण मोरपीस एकीलाच. मोरपीसवाला वरच्या हुद्द्याचा समजायचा का?

उत्तर : नाही. हुद्दा मण्यावरून कळतो. मोरपीस ही बादशहाची बक्षिसी.

छिंग राजवटीत (१६४४–१९१२) मुलकी आणि लष्करी, दोन्हींकडे नऊ दर्जे होते. मण्याचा नुसता रंग पाहिला तर फसगत होते, त्यातून उजेड येतो का तेही पाहावे. आरपार दिसणारे लाल माणिक पहिल्या दर्जाचे, न दिसणारे पोवळे दुसऱ्या. निळ्याचेही तसेच : नीलमणी तिसऱ्याचा, आरपार न दिसणारा निळा दगड लाजवर्द चौथ्याचा. स्फटिक पाचव्याचा, दुधी पांढरा सहाव्याचा. सातव्याला साधा सोनेरी, आठव्या-नवव्याला कोरीव सोनेरी. या जोड्या ध्यानात आल्या की पाठांतर लागत नाही. तुमच्या दोन टोप्यांतही एक लाल पहिला आणि दुसरा लाल दुसरा असू शकतो.

१७३० पासून रत्नाऐवजी त्याच रंगाची काच चालू लागली. तेव्हा भिंगाखाली बुडबुडे दिसले म्हणून मणी नकली ठरवू नये. खरा घोळ पुढेच आहे. मणी टोपीतून आरपार जाणाऱ्या दांडीवर बसवून आतून आवळलेला असतो, त्यामुळे तो सहज निघतो आणि दुसरा बसतो. जुन्या वस्तूंच्या बाजारातून आलेल्या टोपीचा मणी मूळचाच असेल असे धरून चालू नये. सोबत पोशाख असेल तर छातीवरचा भरतकामाचा चौकोन पडताळावा : मुलकी अधिकाऱ्याला पक्षी, लष्करी अधिकाऱ्याला चतुष्पाद. क्रौंच असेल तर पहिला मुलकी दर्जा, मोर असेल तर तिसरा.

मोरपीस मण्याखालच्या जेडच्या किंवा काचेच्या नळीत खोचलेले असते आणि पाठीकडे झुकते. त्यावरचे डोळे मोजावेत. एक डोळा पुष्कळांना मिळे, दोन थोड्यांना, तीन अगदी विरळ. छिंग दरबारातले बडे मुत्सद्दी ली होंगझांग यांना तीन डोळ्यांचे पीस १८९४ मध्ये मिळाले आणि जपानशी युद्ध पेटल्यावर त्याच वर्षी ते काढूनही घेतले गेले.

प्रश्न : एक टोपी शंकूसारखी, दुसरीची कड वर वळलेली. हाही दर्जाचा फरक का?

उत्तर : हा ऋतूचा फरक. शंकूची टोपी उन्हाळ्याची, वेताची किंवा बांबूच्या कामट्यांची. वर वळलेल्या कडेची हिवाळ्याची, काळ्या मखमलीची किंवा केसाळ कातड्याची. लाल रेशमी झिरमिळ्या दोन्हींवर असतात. मात्र मोठ्या समारंभाच्या टोपीवर गोल मण्याऐवजी नक्षीदार बैठकीवर उभा खडा असतो. तुम्ही पाहिलेल्या टोप्यांवर गोल मणी असतील तर त्या मोठ्या समारंभाच्या नव्हेत.